लेन्स ओरिजिनल की सिग्मा? आधी भाड्याची वही काढा

प्रश्न : सांगलीत गावभागात तळमजल्यावर माझा छोटा स्टुडिओ आहे. सोनी ए७ थ्रीवर वर्षाला साधारण २२ लग्नं होतात. ८५ एमएम लेन्स दर लग्नाला ९०० रुपये भाड्याने आणतो. या दिवाळीत स्वतःची घ्यायची आहे. सोनीची वरच्या दर्जाची जीएम १ लाख ७० हजारांना, सिग्माची एफ १.४ ९५ हजारांना मिळते. शिल्लक १ लाख २० हजार, घरखर्च महिन्याला २८ हजार. दुकानदार म्हणतो, 'ओरिजिनलच घ्या, रिसेल आहे, बिनव्याजी हप्ते करून देतो.' काय करू?

उत्तर : आधी त्या 'ओरिजिनल' शब्दाचा निकाल लावू. ट्रॅक्टरच्या पार्टला कंपनीचा आणि लोकल असा फरक असतो, तसा हा नाही. सिग्मा १९६१ पासूनची जपानी कंपनी आहे, लेन्स आयझूच्या कारखान्यात बनवते. सोनीने ई-माउंटची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायच्या पद्धतीची, मूलभूत माहिती २०११ मध्येच इतर लेन्स कंपन्यांना खुली केली. बाहेरच्या लेन्सवर सोनीच्या वेगवान कॅमेरा बॉडींचा वेग सेकंदाला १५ फोटोंवर अडतो हे खरं, पण तुमची बॉडीच १० च्या पुढे जात नाही. तुमच्यापुरती ती अडचण नाही.

आता रिसेल. दुकानदाराच्याच बाजूने धरतो की चार वर्षांनी जीएमचे ६० टक्के परत येतील. म्हणजे ६८ हजार झिजले, वर्षाला १७ हजार. पण १ लाख ७० हजार अडकून पडले, त्याचं सात टक्क्यांनी व्याज वर्षाला ११,९००. एकूण २८,९००. सिग्मा ४५ हजारांना विकली गेली असं धरलं, तर झीज १२,५०० आणि व्याज ६,६५०, मिळून १९,१५०. आणि तुम्ही आज भाडं किती भरता? २२ गुणिले ९००, म्हणजे १९,८००.

म्हणजे जीएम भाड्यापेक्षा महाग पडते आणि सिग्मा जवळपास भाड्याइतकीच. हिशेब ढोबळ आहे. लग्नं ३५ झाली तर चित्र पालटेल, पण पुढच्या वर्षीच्या लग्नांवर आज हप्ता बांधू नये असं माझं मत.

तिसरी लेन्स तुमच्या पत्रात नाहीच, याचं मला नवल वाटलं. सोनीचीच ८५ एमएम एफ १.८. मी चौकशी केली तेव्हा ४८ हजारांच्या आसपास भाव सांगितला. चार वर्षांनी २६ हजार आले तरी वर्षाचा खर्च ८,८६० होतो, भाड्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे कंपनीची हवी ही तुमची हौसही भागते, आणि तीही सिग्माच्या निम्म्या पैशांत. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. १.४ आणि १.८ मध्ये हा फरक दोन तृतीयांश स्टॉपचा, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० लागला असता तिथे ५००० लागेल. हॉलमधल्या एलईडी भिंतीसमोर नवरा-नवरीच्या मागचा पडदा थोडा कमी धूसर होईल, ते तुम्हाला दिसेल. अल्बम बघणाऱ्या मावशींना दिसेल असं वाटत नाही. शिवाय ही ३७१ ग्रॅमची, सिग्मा ६३० ग्रॅमची. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत मनगट तुमचंच आहे.

हप्त्याचं सांगतो. १ लाख ७० हजारांचे बारा हप्ते म्हणजे महिना १४ हजारांवर. दिवाळीत सुरू केले तर शेवटचे चार हप्ते चातुर्मासात येतात, लग्नं नसताना, आणि तेवढ्यातच ५६ हजार जातात. 'बिनव्याजी' योजनेत बँक व्याज लावतेच. ते सवलत म्हणून वळतं होतं, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते, रोखीत मिळाली असती ती सूटही बुडते.

म्हणून एफ १.८ घ्या, रोखीने. ७२ हजार हाती उरतील, म्हणजे अडीच महिन्यांचा घरखर्च. तुळशीचं लग्न झालं की अॅडव्हान्स यायला लागतील. त्यातून आषाढाच्या आधी शिल्लक पुन्हा १ लाख २० हजारांवर न्या आणि तोवर मोठ्या लेन्सचं नाव काढू नका. एखाद्या पार्टीने १.४ चाच आग्रह धरला तर त्या दिवसापुरती भाड्याने आणा आणि ते ९०० त्यांच्या पॅकेजमध्ये धरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण गावभाग आणि तळमजला वाचून राहवलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर होती, धोक्याची पातळी ४५ ची. सामानाचा विमा उतरवाच, पॉलिसीत 'पूर' हा शब्द आहे का ते स्वतः वाचा, आणि कॅमेरा बाहेर नेल्यावरही तो लागू आहे का ते विचारा. बिल पक्कं घ्या, त्यावर लेन्सचा सिरियल नंबर हवा. जीएसटी नोंदणी नसेल तर भावातला १८ टक्के कर परत मिळत नाही, पण विम्याच्या दाव्याला बिल लागतंच.

जुनी लेन्स मिळत असेल तर आणखी पैसे वाचतील. फक्त ती मागचे दोन पावसाळे कुठे ठेवली होती ते विचारा आणि मागून टॉर्च मारून काचेवर बुरशीचे धागे दिसतात का ते बघा.