कॅमोमाइलचं बी उगवलंच नाही, काय चुकलं?

प्रश्न: आम्ही कोल्हापुरात कळंब्याला राहतो, टेरेसवर बऱ्याच कुंड्या आहेत. ज्याच्या वाळलेल्या फुलांचा चहा करतात त्या कॅमोमाइलचं बी ऑनलाइन मागवलं, जूनमध्ये पाऊस लागला तसं पेरलं, वर बोटभर माती ओढली, पण एक कोंब नाही. बी खराब होतं का? आणि फुलं कधी तोडायची?

उत्तर: ताई, बी खराब असेलच असं नाही, पण जून हा याचा सीझनच नव्हे, आपल्याकडच्या पावसात ते कुजतं नाहीतर वाहून जातं. हे थंडीतलं पीक. ऑक्टोबर संपता संपता, दिवाळीच्या आगेमागे टाका. आणि माती अजिबात ओढायची नाही, याच्या बियाला उगवायला उजेड लागतो. बी रांगोळीसारखं बारीक असतं म्हणून कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरायचं, हातानं हलकं दाबायचं आणि पाणी झारीनं नको, स्प्रेनंच मारा. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात, मग दाटी झाली की विरळ करा.

पाकिटावर जर्मन कॅमोमाइल लिहिलंय का तेवढं बघा, चहाला सहसा तेच वापरतात. रोमन म्हणून मिळतं ते जमिनीलगत पसरणारं, वेगळं झाड. फूल आल्यावर मधला पिवळा भाग उभा चिरून बघा, आतून पोकळ असेल तर जर्मन. लखनौच्या सीमॅप या औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं जर्मन कॅमोमाइलची वल्लरी नावाची जात काढलीय, तिचं बी मिळालं तर बघा.

कुंडीत पाणी साचू देऊ नका, ऊन भरपूर द्या. शेणखत बेतानंच, हौसेनं जास्त घातलं की नुसता पाला माजतो आणि फुलं कमी. मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, औषध नकोच, ती फुलं शेवटी आपल्याच पोटात जाणार ना.

पेरल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांत फुलं लागतात. पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरल्या की सकाळी दव सुकल्यावर खुडायची, पाकळ्या खाली वाकल्या म्हणजे उशीर झाला. सावलीत कडकडीत वाळवून बरणीत घट्ट झाकून ठेवा. मार्चचं ऊन तापलं की झाड संपतंच, त्याला इलाज नाही.

कॅमोमाइल शेवंतीच्याच कुळातलं, म्हणून घरात कुणाला शेवंतीची अॅलर्जी असेल तर त्यांनी हा चहा घेऊ नये, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच. आणि एक, वाळल्यावर वजन जेमतेम पाचवा हिस्सा उरतं, त्यामुळं दोन कुंड्यांत वर्षाचा चहा निघेल असं धरू नका, जागा असेल तर सात-आठ तरी लावा.