चिरेखाणीचं तांबडं पाणी आणि 'कारणे दाखवा' नोटीस

प्रश्न : सावंतवाडी तालुक्यात माझ्या कातळावर चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण) आहे. जुलैत तांबडं पाणी व्हाळात (ओढ्यात) उतरलं आणि खालच्या शेजाऱ्याच्या कुणग्यात (भाताच्या शेतात) गाळ बसला. आता प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली आहे. मी सांडपाणी सोडतच नाही. पाऊस पडला, पाणी वाहिलं. व्हाळ तर उन्हाळाभर कोरडाच असतो. मग परवानगी कशाची?

उत्तर : हे असंच्या असं नोटिशीच्या उत्तरात लिहू नका, अडचणीत याल. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार जलमार्ग वाहता असो वा त्या वेळी कोरडा, तो 'प्रवाह'च. म्हणजे तुमचा व्हाळ त्यात आला. सांडपाणी म्हणजेही फक्त कारखान्याच्या पाइपातलं पाणी नव्हे. उद्योगाच्या जागेतून बाहेर पडणारा द्रव किंवा घन पदार्थही त्यात मोडतो. पाऊस तुमचा नाही, पण त्यातली माती तुमच्या खाणीची आहे. ते पाणी बाहेर सोडायला कलम २५ खालची मंडळाची संमती लागते.

आता मला खरं सांगा, पंप लावला होता का? ढिगाऱ्यावरून पाणी ओघळणं वेगळं आणि खाण उपसून पाइप व्हाळाकडे वळवणं वेगळं. उपसलेलं पाणी पावसावर ढकलता येत नाही. पंप लावला असेल, तर उत्तरात तसं लिहा. लपवलेली गोष्ट नंतर फोटोसकट समोर येते.

पर्यावरण मंजुरी आणि संमतीपत्र काढून अटी एकेक करून वाचा. खाणीभोवती चर आणि गाळ बसायला टाकी, या अटी बहुधा सापडतील. ते तांबडं पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवून पाहा. सकाळी वाळू तळाला दिसेल, वरचं पाणी मात्र तांबडंच असेल. म्हणून एका खड्ड्याने भागत नाही. एकापुढे एक खड्डे हवेत आणि मिरगाआधी त्यांतला गाळ उपसलेला हवा. सर्वसाधारण मानकाप्रमाणे प्रवाहात सोडायच्या पाण्यात तरंगते घन कण लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाहीत. हे काम कधी सुरू करणार आणि कधी पुरं करणार, ते तारखांसह लिहून द्या.

मंडळाने नमुना घेतला असेल, तर कलम २१ पाहा. तुमच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून दोघांच्या सह्या व्हायला हव्यात. त्यात कसूर असेल तर जरूर मांडा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. कलम ३३-अ खाली मंडळ खाण बंद करण्याचा, वीज तोडण्याचाही आदेश देऊ शकतं. तसा आदेश झालाच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे.

मला जास्त काळजी तुमच्या शेजाऱ्याची वाटते. त्याचं वर्षाचं भात त्या कुणग्यात आहे. नुकसानभरपाईसाठी तो न्यायाधिकरणाकडे ५ वर्षांपर्यंत जाऊ शकतो, आणि तिथे तुमची चूक सिद्ध व्हावीच लागते असं नाही. तेव्हा आधी त्याच्या घरी जा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, गाळ स्वतःच्या खर्चाने काढून द्या, जे ठरेल ते लेखी करा. त्याच्याशी तडजोड झाली म्हणून मंडळाची नोटीस मिटत नाही, हेही लक्षात ठेवा.

उत्तर पाठवण्याआधी संमतीपत्राची मुदत तपासा. ती संपली असेल, तर नूतनीकरण हातात येईपर्यंत खाण बंद ठेवा आणि ती बंद ठेवल्याचं उत्तरात नमूद करा.