बागेतला ओलाव्याचा सेन्सर पंधरा दिवसांत बॅटरी संपवतो. डेटा कमी पाठवला तर भागेल का?

थोडंफार भागेल, पण तुमची खरी गळती दुसरीकडे आहे.

तुम्ही लिहिलंय : ईएसपी३२चा (वाय-फाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) तयार बोर्ड, २६०० मिलिअँपिअर-तासांचे दोन १८६५० लिथियम सेल सिरीजमध्ये, दर दहा मिनिटांनी वाय-फायवरून रीडिंग, मधे डीप स्लीप, म्हणजे चिपची गाढ झोप. एका खेपेला पाच सेकंद आणि सरासरी १२० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाच्या १४४ खेपांना २४ मिलिअँपिअर-तास लागतात. एवढाच खर्च असता तर तीन महिने सहज निघाले असते.

आता बोर्डावर यूएसबीजवळचा तीन पायांचा काळा रेग्युलेटर (चिपला ठरलेलं व्होल्टेज देणारा) बघा. स्वस्त बोर्डांवर त्यावर बहुधा १११७ लिहिलेलं असतं. चिप झोपली तरी हा जागाच! एकटा पाचेक मिलिअँपिअर खातो, शेजारची लाल एलईडी वर एखादा. म्हणजे दिवसाला आणखी १४४ मिलिअँपिअर-तास. एकूण १६८, आणि २६०० भागिले १६८ म्हणजे तुमचे पंधरा दिवस. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून झोपेतला करंट मोजा, लगेच कळेल.

एलईडी काढून टाका. रेग्युलेटरऐवजी काही मायक्रोअँपिअरवर भागणारा एलडीओ (एका सेलच्या कमी व्होल्टेजवरही चालणारा रेग्युलेटर) लावा, मात्र तो ५०० मिलिअँपिअर देणारा हवा, वाय-फायचा झटका मोठा असतो. मग सेलही पॅरललमध्ये जोडता येतील (आधी दोन्ही सारखे चार्ज करून). सेन्सरलाही रीडिंगपुरतीच वीज द्या.

हे झालं की मग डेटाकडे वळा. ठिबक बंद असताना मातीचा ओलावा दहा मिनिटांत काय बदलणार? रीडिंग घ्या, आरटीसी मेमरीत (झोपेतही टिकणाऱ्या) ठेवा, ठरावीक फरक पडला तरच रेडिओ चालू करा. फक्त दर सहा तासांनी बॅटरीच्या व्होल्टेजसह एक हजेरी पाठवा, नाहीतर नोड, म्हणजे हा बागेतला सेन्सर-संच, गप्प आहे की मेलाय हे समजत नाही. पानाच्या ओलाव्याला मात्र ही काटकसर लावू नका, डाऊनी (केवडा) रोगाच्या अंदाजाला पान किती तास ओलं होतं तेच लागतं.

जेसनच्या लांबट मजकुराऐवजी चार बाइट पाठवल्याने वाय-फायवर विशेष फरक पडत नाही, तिथे जोडणीतच वेळ जातो. लोरावर, म्हणजे कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवर, पडतो. त्यात एसएफचा आकडा जितका मोठा तितकं पाठवणं संथ : एसएफ७ला साधारण ६० मिलिसेकंदांत जाणारं छोटं पॅकेट एसएफ१२ला सेकंदाहून जास्त घेतं, आणि तेवढा वेळ ट्रान्समीटर चालूच. बाग मोठी असेल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा लोराच घ्या, आपल्याकडे त्याला परवाना लागत नाही.

मेशच्या फंदात मात्र पडू नका. दुसऱ्याचा निरोप पुढे द्यायचा तर नोडला सतत ऐकत बसावं लागतं, आणि १० मिलिअँपिअरने नुसतं ऐकलं तरी दिवसाला २४० गेले. त्यापेक्षा सगळ्या नोडचा डेटा थेट घेणारा गेटवे पंपाच्या खोलीत ठेवा, तिथे निदान सिंगल फेज तरी असते.