स्टिअरिंग थरथरतंय आणि जुलै जवळ आलाय

प्रश्न: फेब्रुवारी २०२४ मध्ये सोलापुरातल्या शोरूममधून अकरा लाखांची नवी गाडी घेतली. पुणे रस्त्याला मोहोळच्या पुढे नव्वदचा वेग धरला की स्टिअरिंग थरथरतं. शोरूमने चार वेळा चाकांचं बॅलन्सिंग केलं, चारही वेळा पैसे घेतले. आता 'सगळ्याच गाड्यांना थोडं होतं' म्हणतात. वॉरंटी फेब्रुवारी २०२७ पर्यंत आहे. गाडी बदलून मिळेल का? (विजापूर रोड, सोलापूर)

वॉरंटी शिल्लक आहे या भरवशावर तुम्ही निवांत आहात. अशी पत्रं लिहिणारे बहुतेक जण इथेच फसतात. वॉरंटीची मुदत वेगळी, तक्रारीची वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. तुमचं पहिलं जॉबकार्ड, म्हणजे गाडी कामाला घेताना शोरूमने केलेला नोंदीचा कागद, ८ जुलै २०२४ चं आहे. म्हणजे ८ जुलै २०२६ ही तुमची शेवटची तारीख धरा. वॉरंटी चालू असताना शोरूमने दिलेला प्रत्येक नकार हे नवं कारण, असा युक्तिवाद करता येतो आणि कधी कधी तो टिकतोही; पण त्यावर विसंबू नका. फोन, व्हॉट्सॲप, विनंतीअर्ज यांनी मुदत एक दिवसही वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. 'ते पुढच्या आठवड्यात या म्हणायचे' हे सबळ कारण सहसा ठरत नाही.

दुसरी अडचण तुम्हीच ओढवून घेतली आहे. चारही जॉबकार्डांवर 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात 'व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट' एवढंच लिहिलंय. ही तक्रार नव्हे, हे काम झालं. वॉरंटी पुस्तिकेत ही कामं साधारणपणे देखभालीत टाकून वगळलेली असतात आणि टायरची जबाबदारी टायर कंपनीवर ढकललेली असते. म्हणजे कागद असं सांगतो की तुम्ही दोष कधी दाखवलाच नाही, चार वेळा हौसेने देखभाल करून घेतली. त्यावर 'काम समाधानकारक' या ओळीखाली तुमची सही. अकरा लाखांच्या वस्तूचा कागद न वाचता सही करायची ही सवय सोडा.

याच आठवड्यात गाडी पुन्हा शोरूमला न्या आणि रकान्यात हे शब्द लिहून घ्या: 'सरळ, कोरड्या रस्त्यावर ८५ ते १०५ च्या वेगात, ब्रेक न दाबता स्टिअरिंग थरथरतं, वेग उतरला की थांबतं.' लिहायला नकार दिला तर तेच वाक्य तिथूनच ईमेल करा. त्यांच्या तंत्रज्ञाला शेजारी बसवून फेरी मारा आणि निष्कर्ष लेखी मागा.

थरथर कधी होते याला इतकं महत्त्व का, तर दोष कुठे आहे ते त्यावरून कळतं. ठरावीक वेगातच होत असेल तर संशय पुढच्या चाकांवर: बॅलन्स, वाकडी रिम किंवा गोलाई बिघडलेला टायर. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर ब्रेक डिस्क. एक्सलरेटर दाबला की वाढते आणि पाय काढला की ओसरते, तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला पोहोचवणारा दांडा) आतला जॉइंट पाहायचा. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. थरथर हे त्याचं लक्षण नव्हे. मग ते चार वेळा कशासाठी केलं, याचं उत्तर शोरूमने द्यायचं आहे.

बॅलन्सिंग मशीनने शून्य दाखवलं म्हणजे चाक निर्दोष, हा दावाही मानू नका. वाकडी रिमसुद्धा वजनं लावून शून्यावर आणता येते, पण रस्त्यावर ते चाक वेडंवाकडंच फिरतं. रिमच्या आतला चिखल आणि जुनी वजनं काढून चाक मशीनवर फिरवायला सांगा आणि रिमच्या कडेला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) लावून ती किती डोलते ते मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. मग पुढची चाकं मागे टाका. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकात. स्टिअरिंगमध्येच राहिली तर हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), बेअरिंग, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश तपासायचे. यातलं काही सैल निघालं तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी हायवेला काढू नका. तिथे कायदा तुमच्या उपयोगी पडणार नाही.

निकालाची दिशाही इथेच ठरेल. हबमध्ये दोष निघाला तर तुमची बाजू भक्कम. रिम वाकडी निघाली तर 'खड्ड्यात आदळली' हा बचाव येणार. तेव्हा पहिल्या जॉबकार्डावरचं किलोमीटर वाचन उपयोगी पडेल, कारण गाडी किती चालल्यावर तक्रार सुरू झाली ते त्यावरून कळतं.

गाडी बदलून मिळण्याची आशा मी दाखवणार नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याची हमी असेल तर भागच बदलायचा, गाडी नव्हे. म्हणून मुख्य मागणी दोष कायमचा काढून देण्याची, चार बिलांच्या परताव्याची आणि भरपाईची ठेवा. गाडी बदलण्याची मागणी पर्यायी.

तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगातच चालेल, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. फी ४०० रुपये. शोरूम आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही सामनेवाले (तक्रारीतला विरुद्ध पक्ष) करा. तक्रारीसोबतच याच कायद्याच्या कलम ३८ खाली तांत्रिक तपासणीचा अर्ज द्या आणि जमलं तर मेकॅनिकल इंजिनिअरचा अहवाल शपथपत्रासह जोडा. सामनेवाल्यांना उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि याची चीड ग्राहकाइतकीच वकिलालाही येते. तोवर गाडी विकू नका, बाहेरचे अलॉय व्हील बसवू नका आणि काढलेला टायर किंवा सुटा भाग दुकानात सोडून येऊ नका.

नोटीस पाठवा, १५ दिवस द्या. पण उत्तर आलं नाही म्हणून वाट पाहत बसू नका. जूनअखेर तक्रार दाखल झालेली असली पाहिजे.