आधी गळती शोधावी, मग स्क्रूला हात लावावा

आपल्या १९९८ सालच्या कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागाच्या) मारुती ८०० विषयी आपण लिहिले आहे की इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला गाडी थरथरते, मधूनच बंद पडते, रेस दिली की मात्र सुरळीत चालते. आणि गॅरेजमध्ये दोन वेळा आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग, वाढवून घेऊनही आठ दिवसांत तक्रार पुन्हा येते. या वर्णनातील ‘रेस दिली की सुरळीत चालते’ हे निरीक्षण सर्वांत मोलाचे आहे, कारण त्यावरून संशय प्रथम हवेच्या गळतीकडे जातो.

आयडलिंगला कार्ब्युरेटरची बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप) जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन मात्र हवा ओढतच असतात, म्हणून इन्टेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत, भरपूर व्हॅक्यूम (ओढ) तयार होतो. त्या वेळी इंजिनला लागणारी हवा इतकी थोडी असते की एखाद्या चिरलेल्या रबरी पाइपमधून आत शिरणारी हवासुद्धा मिश्रण पातळ करून टाकते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. बटरफ्लाय उघडल्यावर मॅनिफोल्डमधील ओढ कमी होते आणि खरी हवा कितीतरी पट वाढते. गळती तेवढीच असली तरी तिचा हिस्सा नगण्य ठरतो. याउलट हायटेन्शन वायर (प्लगला वीज पोचवणारी जाड वायर) किंवा प्लग कमजोर असेल, तर गाडी बहुधा घाटात, ओझे पडल्यावर मिसिंग करते.

आयडलिंग वाढवल्याने हा दोष झाकला जातो, जात नाही. स्क्रू आवळून बटरफ्लाय थोडी जास्त उघडी ठेवली, की डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम ॲडव्हान्सचे, म्हणजे ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या डबीचे, छिद्रही उघडे पडू शकते आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) नको तेव्हा पुढे सरकते. मग मिश्रणाचा स्क्रू सोडून पेट्रोल वाढवले जाते, प्लग काळे पडतात आणि ॲव्हरेज उतरते. माझ्या स्वतःच्या गाडीवर एका कारागिराने हे सगळे प्रयोग क्रमाने केले. अखेर दोष सापडला तो ॲडव्हान्सच्या पाइपच्या खालच्या बाजूला, टोकाशी पडलेल्या चिरेत, जी वरून पाहिल्यास दिसतच नव्हती. तेव्हापासून पाइप नुसता पाहून मी समाधान मानत नाही, तो काढून बोटांत वाकवून पाहतो.

एक गोष्ट आधी मनाशी स्पष्ट असावी. हे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे, त्यामुळे चार सिलिंडरच्या गाडीइतके शांत ते कधीच चालणार नाही. इंजिनाच्या माउंटिंगचे रबर बसले असेल तर निरोगी इंजिनही डॅशबोर्ड हलवते. प्लग, डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) असतील तर त्यांची फट, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतील ओल आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) या गोष्टी तपासून घ्याव्यात. यांपैकी टॅपेटकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण घट्ट टॅपेट आवाज करत नाही. मात्र इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि आयडलिंग बिघडते.

आता गळतीचा शोध. चालू इंजिनावर एकेक व्हॅक्यूम पाइप मॅनिफोल्डच्या अगदी जवळ, कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबावा. पाइप दाबताच इंजिन सुधारले, तर दोष त्या पाइपमध्ये किंवा त्याच्या पलीकडच्या भागात आहे. आपल्या गाडीला ब्रेक बूस्टर (मॅनिफोल्डच्या ओढीने ब्रेकला जोर देणारा डबा) असेल तर त्याचा जाड पाइप पहिल्यांदा दाबून पाहावा. ब्रेक दाबून ठेवल्यावर आयडलिंग बदलत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटल्याची शक्यता मोठी असते. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातील वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणारी झडप) काढून हलवल्यास आत खुळखुळ आवाज यावा. तो उघडा अडकला तर आयडलिंगला नको तितकी हवा आत जाते. ॲडव्हान्सच्या डबीचा पाइप काढून डबीच्या बाजूने तोंडाने हवा ओढावी आणि जिभेने तोंड बंद करावे. ओढ टिकली नाही तर पडदा गेलेला आहे. एसीसाठी आयडलिंग उचलणारी डबी किंवा गॅस किटसाठी जोडलेला टी (तीन तोंडांचा जोड) असल्यास तेही सोडू नयेत. नंतर बसवलेल्या जोडांवर माझा सर्वांत कमी विश्वास असतो.

पाइप निर्दोष निघाले तर कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग उरते. बरेच जण येथे पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर शिंपडतात. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपशेजारी आणि ठिणगी उडणाऱ्या वायरींजवळ हे करणे मला मान्य नाही. फवाऱ्याच्या बाटलीतून साबणाचे पाणी बारीक मारावे आणि डिस्ट्रिब्युटरपासून दूर राहावे. पाणी आत ओढले गेले की आवाज क्षणभर बदलतो. बटरफ्लायच्या दांड्याजवळही हीच परीक्षा करावी, कारण पंचवीस वर्षांत तेथे झीज होते आणि ती कोणत्याही पॅकिंगने भरून निघत नाही.

मात्र या सर्वांपेक्षा व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारा मापक) अधिक सांगतो. तो मॅनिफोल्डच्या जोडाला लावून गरम इंजिनावर वाचन घ्यावे. समुद्रसपाटीला निरोगी इंजिनाची सुई साधारण पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर राहते. दर हजार फूट उंचीमागे सुमारे एक इंच कमी धरावा लागतो, म्हणजे पुण्यात मुंबईपेक्षा जवळजवळ दोन इंच आणि महाबळेश्वरला साडेचार इंच कमी आले तरी काळजीचे कारण नाही. सुई स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे राहिलेले टायमिंग. ठरावीक अंतराने झटका देऊन खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह मिटत नाही. मागेपुढे संथ तरंगत असेल तर मिश्रण बिघडलेले. आणि रेस धरून ठेवल्यावर हळूहळू उतरत गेली तर सायलेन्सर तुंबलेला असू शकतो. सुईच्या आकड्यापेक्षा तिची चाल अधिक बोलकी असते.

गळती नाही असे ठरल्यावरच कार्ब्युरेटरकडे जावे. आयडलिंगचा जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) फार बारीक असतो आणि टाकीतील कचऱ्याचा एक कण त्याला पुरतो; तो दाबाच्या हवेने साफ करावा, तारेने टोकरू नये. पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असेल, तर चावी फिरवताच त्याचा ‘टक’ आवाज यावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे कार्ब्युरेटरचे मिश्रण थोडे पातळ होते आणि जुने रबर लवकर खराब होते, म्हणून पाइप बदलताना इथेनॉल सोसणारे घ्यावेत.

आयडलिंगची जुळवणी सर्वांत शेवटी. इंजिन पूर्ण गरम, दिवे व एसी बंद. मिश्रणाचा स्क्रू अगदी सावकाश फिरवत गेजची सुई सर्वांत वर जाईल तेथे थांबावे, मग गाडीच्या पुस्तिकेत दिलेले इंजिनाचे मिनिटाचे फेरे येईपर्यंत आयडलिंगचा स्क्रू सोडावा, आणि हीच जोडी एकदा पुन्हा करावी. तरीही सुई खालीच राहिली, तर तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतील दाब) मोजून घ्यावे. गेज मिळाला की सुई किती इंचांवर आहे, ती कशी हलते आणि आपण कोणत्या गावी आहात, एवढे कळवावे. त्यावरून टॅपेट सोडवायचे की मॅनिफोल्ड, हे ठरवता येईल.