सासूबाईंना लेझर सांगितलंय, करावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत, पाळी जाऊन आठ वर्षं झाली, लघवीच्या जागी आग होते, खोकलल्यावर थेंब गळतात आणि क्लिनिकने योनीमार्गात करायच्या लेझरची तीन सिटिंगं, ४५ हजारांत सांगितलीत. मी तुमच्या जागी असते तर आत्ता हे पैसे भरले नसते. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स म्हणून २८ वर्षं काढली, आणि लेझरचा अनुभव आमच्या घरातलाच आहे.

माझ्या धाकट्या जावेनं कापसाचे पैसे आल्याबरोबर हेच करून घेतलं. पहिल्या सिटिंगनंतर फोन आला, "बाई, आग थांबली वं!" तूर घरात येईस्तोवर पुन्हा होतं तसंच. मी तिची फाईल मागून पाहिली. आत पावत्या, सहीचा कागद आणि यंत्राचं गुळगुळीत माहितीपत्रक. लघवीची तपासणी नाही, शुगर नाही. आम्ही शुगर करून आणली तर जेवणानंतरची २९० निघाली!

मग आधी बरं कसं वाटलं? ती खोटं बोलत नव्हती. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या ८५ बायकांवर चाचणी झाली, २०२१ साली छापून आली. अर्ध्यांना खरं लेझर, अर्ध्यांना नुसतं नाटक: यंत्र तसंच आत, पण उपचाराची ताकद नाही. कोणाला काय मिळालं ते बायकांना माहीत नव्हतं. वर्षभरानंतर पाहिलं तर दोन्ही गटांत फरक नाही. नाटकवाल्यांनाही बरं वाटलंच होतं. काही लहान अभ्यासांत लेझर आणि हार्मोनची क्रीम सारखीच ठरली, हे खरं. पण त्यात नाटकाचा गट नव्हता, म्हणून माझं मन त्यावर बसत नाही.

धोक्याचं विचारलंत. लेझरचा किरण आतल्या अस्तराला बारीक बारीक ठिपक्यांनी भाजतो. जखम भरताना नवी, जाड त्वचा येईल असा त्यामागचा हिशेब. औषधं आणि यंत्रं मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी एफडीएने जुलै २०१८ मध्ये इशारा दिला, त्यात भाजणं, व्रण आणि कायमचं दुखणं अशा तक्रारी नोंदल्या आहेत. ही यंत्रं चामखीळ किंवा बिघडलेल्या पेशी काढायला मंजूर होती, कोरडेपणाला किंवा लघवी गळण्याला नाही. तेव्हा "मंजूर मशीन आहे" असं क्लिनिकवाले म्हणाले तर "कशासाठी मंजूर?" हे विचाराच. कुठला उपचार वापरावा हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०२१ मध्ये हे लेझर फक्त संशोधनापुरतंच वापरा असं सांगितलं.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हार्मोन घटतं, अस्तर पातळ आणि कोरडं होतं, चांगले जंतू कमी होतात. म्हणून आग आणि वारंवार इन्फेक्शन. त्यावर इस्ट्रिऑलची, म्हणजे त्याच हार्मोनच्या एका प्रकाराची, योनीमार्गात लावायची क्रीम असते. साधारण दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. फरक पडायला काही आठवडे लागतात आणि बंद केली की त्रास परत येतो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ट्यूब अर्ध्यात सुटते. जावेची ट्यूब संदुकीत लुगड्याखाली असायची, पोरांना दिसू नये म्हणून. ट्यूबसोबतचा कागद वाचून घाबरू नका, या मात्रेत औषध रक्तात फार कमी जातं. पण स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि त्या जागी साबण लावणं आजपासून बंद.

थेंब गळण्याला लघवी रोखून धरतो ती जागा आवळून सोडायचा व्यायाम, रोज, निदान तीन महिने. एकदा बाईडॉक्टरकडून शिकून घ्या, पुष्कळजणी पोटच आवळतात. निंदणाला गेल्यावर आडोसा नाही म्हणून पाणीच न पिण्याची आपल्याकडची सवय आहे, ती आग वाढवते. तेही सासूबाईंना विचारा.

आणि अंग बाहेर येतं का, पाळी गेल्यावर कधी लाल डाग दिसला का? अंग बाहेर येत असेल तर लेझरचा उपयोग नाही. डाग दिसला असेल तर आधी त्याचा शोध, क्रीमसुद्धा नंतर. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही दुखणं निघालं, पण त्याआधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. माझ्या नोकरीतही "लाज वाटते बाई" हे ऐकतच दिवस गेले.

सरकारी दवाखान्याच्या स्त्रीरोग ओपीडीत घेऊन जा, सोबत तुम्हीच जा, मुलाला बाहेर बसवा. लघवी, शुगर आणि आतून तपासणी, एवढं करवून घ्या. काय निघालं ते इथंच लिहा, मी पाहते.