जुन्या बुद्धिबळ क्लब स्पर्धेचा गुणतक्ता जुळवताना

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बुद्धिबळ क्लब स्पर्धेचे निकाल जुळवायला तुम्ही घेतलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र रिकाम्या चौकटी भरण्याची घाई करू नका. आधी गुणांकनाचा नियम शोधा, कारण १९०१ च्या माँटे कार्लो स्पर्धेत डाव बरोबरीत सुटल्यास दोघांना पाव-पाव गुण देऊन उरलेल्या अर्ध्या गुणासाठी पुन्हा डाव खेळवत असत, आणि अशा ठिकाणी आजचा हिशोब (विजयाला एक, बरोबरीला अर्धा गुण) लावला तर सगळा तक्ताच कोलमडतो.

नियम नेहमीचा असेल, तर बेरीज हीच खरी कसोटी. दहा खेळाडूंच्या एकेरी साखळीत, म्हणजे प्रत्येक जण इतर प्रत्येकाशी एकदाच खेळतो तेव्हा, ४५ डाव, म्हणजे ४५ गुण होतात. छापील गुणांची बेरीज ४४ आली, तर एखादा डाव राहून गेला असेल. ती ४४½ आली, तर मात्र चूक निश्चित आहे, कारण प्रत्येक डावातून एकूण एकच गुण वाटला जातो. बहुधा छपाईत कोणाचा तरी अर्धा गुण गळलेला असतो.

वर्तमानपत्रांच्या साप्ताहिक बुद्धिबळ सदरांतील गुणस्थितींची वजाबाकी केली की फेऱ्यांचे निकाल उलगडू लागतात, पण तहकूब (अर्धवट थांबवून नंतर पुरे केलेले) डाव पुढच्या आठवड्यात मोजले जातात, हे ध्यानात ठेवा. दोन वर्तमानपत्रांत एकाच नावाची एकसारखी चूक आढळली, तर ते दोन पुरावे नव्हेत. बहुधा एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतलेले असते. छापील निकाल आणि तुम्ही तर्काने काढलेले निकाल मात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या शाईने लिहा.